शहतूत धरणाचे वचन आणि काबूलच्या विहिरी: परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय: काबूल शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी भारताने दिलेले वचन आणि धरणाआधी करता येण्याजोगी कामे.

महोदय,

9 फेब्रुवारी 2021 रोजी आपण आणि अफगाणिस्तानचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री हनीफ अत्मर यांनी शहतूत धरणाच्या सामंजस्य करारावर सह्या केल्या. दोन्ही देशांचे प्रमुख त्या दूरदृश्य बैठकीला हजर होते. त्याआधी नोव्हेंबर 2020 मध्ये जिनिव्हा येथील परिषदेत आपणच सांगितले होते की, या धरणातून काबूल शहरातील 20 लाख रहिवाशांना पिण्याचे शुद्ध पाणी मिळेल. करारावरची शाई वाळून सहा महिने झाले आणि 15 ऑगस्ट 2021 रोजी काबूलमधील सरकार कोसळले. काबूलजवळच्या लालंदर खोऱ्यात मैदान नदीवर जे धरण उभे राहायचे होते ते कागदावरच राहिले. ते पाणी ज्यांना मिळायचे होते ती माणसे मात्र त्याच शहरात आहेत आणि त्यांच्या पायाखालचे पाणी दरवर्षी आणखी खोल जात आहे. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही, तरीही भारताने दिलेल्या शब्दाविषयी भारताच्या नागरिकाने विचारणा करावी, एवढ्या अधिकाराने हे पत्र लिहीत आहे.

मी भूजलशास्त्रज्ञ म्हणून मराठवाडा आणि नगर भागात तीस वर्षांहून अधिक काळ विहिरींची पातळी मोजली. अफगाणिस्तानात मी कधीही गेलेलो नाही. काबूलशी माझा संबंध आला तो पुण्यामुळे. या शहरात गेली अनेक वर्षे अफगाण विद्यार्थी शिकायला येत आले आहेत आणि निवृत्तीनंतर मी काही काळ शिकवत असताना त्यांतले दोघे-तिघे माझ्या वर्गात होते. त्यांपैकी एकाने एकदा फळ्यावर स्वतःच्या घराच्या अंगणातील विहिरीचा उभा छेद काढून दाखवला होता. त्याच्या लहानपणी आजोबांनी हाताने खणलेली विहीर, मग तिच्यातच मारलेले आडवे-उभे बोअर, मग तिच्या शेजारी यंत्राने घेतलेली कूपनलिका, आणि शेवटी त्याहून खोल दुसरी कूपनलिका. प्रत्येक खोलीपुढे त्याने साल लिहिले होते. बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही गावातल्या शेतकऱ्याने असाच छेद काढला असता, फक्त आमच्याकडे मुरमाखाली काळा पाषाण लागला असता आणि त्याच्याकडे नदीने आणून टाकलेला गाळ, वाळू आणि गोटे होते.

मर्सी कॉर्प्स या आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेने एप्रिल 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार काबूलखालची पाणीपातळी एका दशकात 25 ते 30 मीटरने खाली गेली आहे, शहरातील जवळजवळ निम्म्या कूपनलिका कोरड्या पडल्या आहेत आणि दरवर्षी जमिनीत जितके पाणी मुरते त्यापेक्षा 4 कोटी 40 लाख घनमीटर अधिक उपसले जाते. पुणेकरांच्या हिशेबात सांगायचे तर ही तूट सुमारे दीड टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणजे खडकवासला धरणाच्या जवळपास पाऊण साठ्याइतकी आहे. दरवर्षी पाऊण खडकवासला उधार घ्यायचा आणि परतफेड कधीच करायची नाही, असा हा व्यवहार आहे. युनिसेफचा अंदाज असा की, हे असेच चालले तर 2030 पर्यंत शहराखालचे पाणी संपू शकते. या अंदाजाकडे मी व्यवसायाच्या सवयीने सावधपणे पाहतो, कारण जलधर, म्हणजे जमिनीखालचा पाणी धरणारा थर, एका विशिष्ट वर्षी रिकामा होत नसतो. आधी उथळ विहिरी जातात, मग गरिबांचे हातपंप जातात, आणि ज्याला खोल बोअर परवडते त्याला पाणी मिळत राहते. काबूलमध्ये पहिल्या दोन पायऱ्या कधीच उतरून झाल्या आहेत. काही कुटुंबे आपल्या उत्पन्नाच्या 30 टक्क्यांपर्यंत रक्कम पाण्यावर खर्च करतात आणि पाणी विकत घेण्यासाठी कर्ज काढतात, हे त्याच अहवालात नोंदवलेले आहे.

जे पाणी उरले आहे त्याच्या गुणवत्तेची स्थिती वेगळी चिंता करण्यासारखी आहे. 1,800 मीटर उंचीवरच्या, चहूबाजूंनी डोंगर असलेल्या या शहराची वस्ती 2001 नंतर अनेक पटींनी वाढून आज 60 लाखांच्या घरात गेली आहे. एवढ्या वस्तीच्या मोठ्या भागाला सांडपाण्याच्या वाहिन्या नाहीत, त्यामुळे घरोघरच्या शौचखड्ड्यांतला मैला त्याच गाळाच्या थरात उतरतो जिथून शेजारची कूपनलिका पाणी ओढते. भूजलाचा 80 टक्क्यांपर्यंत भाग मैलापाणी, क्षार आणि आर्सेनिक यांनी दूषित झाल्याचे सांगितले जाते. त्यात 2023 पासून पाकिस्तान आणि इराण यांनी लाखो अफगाणांना परत धाडले. एकट्या 2025 मध्ये ही संख्या 20 लाखांच्या पुढे गेली आणि त्यांतले अनेक जण रोजगाराच्या आशेने काबूलकडेच वळले. पुनर्बांधणी म्हणजे पडलेल्या इमारती उभ्या करणे, असे आपण सहजपणे समजतो. परतलेल्या माणसाला मात्र आधी पाण्याचा डबा भरण्याची जागा शोधावी लागते.

काबूलमध्ये एक जुनी म्हण आहे: काबूल एक वेळ सोन्यावाचून राहो, पण बर्फावाचून न राहो. तिच्यात त्या खोऱ्याचे सगळे जलशास्त्र आले. तिथे वर्षाला जेमतेम 300 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पघमानच्या डोंगरावर हिवाळ्यात साठलेला बर्फ वसंतात हळूहळू वितळतो, नदीनाल्यांच्या वाळूतून आणि पाटाने भिजवलेल्या शेतांतून जमिनीत मुरतो आणि वर्षभर विहिरींना पुरतो. बर्फ कमी पडू लागला, लवकर वितळू लागला, शेतांच्या जागी घरे आली आणि नाल्यांचे तळ कचऱ्याने व काँक्रीटने झाकले गेले, तेव्हा मुरण्याच्या जागाच नाहीशा झाल्या. हे कारण मी मुद्दाम सविस्तर लिहीत आहे, कारण धरणाने यातले काही भरून निघेल आणि काही निघणार नाही.

शहतूत धरणाचा नियोजित साठा सुमारे 14 कोटी 60 लाख घनमीटर, म्हणजे पाच टीएमसीच्या थोडा वर आहे. आमच्या पानशेतच्या साधारण निम्मा. वीस लाख माणसांना दर माणशी रोज 100 लिटर द्यायचे तर वर्षाला 7 कोटी 30 लाख घनमीटर पाणी लागते. बाष्पीभवन आणि गळती धरली तरी हा हिशेब बसतो, म्हणून धरणाची कल्पना चुकीची होती असे मी म्हणणार नाही. पण ते आज सुरू केले तरी त्याचे पाणी नळाला येण्यास किती वर्षे लागतील, याचा अनुभव भारताच्या पदरी आहे. हेरात प्रांतातील हरिरूद नदीवरच्या सलमा धरणाचे काम 1976 मध्ये सुरू झाले आणि युद्धामुळे थांबले. 2006 मध्ये भारताने ते पुन्हा हाती घेतले आणि 4 जून 2016 रोजी त्याचे उद्घाटन झाले. चाळीस वर्षे. त्यातली शेवटची दहा वर्षे आपल्या वॅपकॉस या सरकारी कंपनीच्या अभियंत्यांनी आणि अफगाण मजुरांनी जिवावर उदार होऊन काढली, आणि उद्घाटनाला वर्ष होते न होते तोच, जून 2017 मध्ये, धरणाजवळच्या तपासनाक्यावर तालिबानने केलेल्या हल्ल्यात दहा पोलीस मारले गेले. 42 मेगावॉट वीज आणि 75 हजार हेक्टर सिंचन यांच्या आकड्यांमागे ही माणसे आहेत. आज त्याच तालिबानच्या प्रतिनिधींशी भारत धरणांविषयी बोलतो आहे. बोलायला हवेच, कारण तहानलेल्या शहराला दुसरे सरकार नाही. तरी त्या दहा जणांची आठवण दिल्लीत कोणाला तरी असावी, असे मला वाटते.

धरणाची घाई करू नका, असेही मी नम्रपणे सांगेन. अर्धवट काम झालेले धरण पावसाळ्यात भरू दिले तर काय होते, हे 12 जुलै 1961 च्या सकाळी पानशेतने पुण्याला दाखवले आहे.

आता ज्या गोष्टीमुळे हे पत्र लिहिण्याची निकड वाटली तिच्याकडे येतो. ऑक्टोबर 2025 मध्ये अफगाणिस्तानच्या तालिबान प्रशासनाचे परराष्ट्रमंत्री आमीर खान मुत्तकी दिल्लीत आले, भारताने काबूलमधील आपल्या तांत्रिक पथकाला पुन्हा दूतावासाचा दर्जा दिला आणि संयुक्त निवेदनात सलमा धरणाचा गौरवाने उल्लेख करून पाण्याच्या शाश्वत व्यवस्थापनाविषयी व जलविद्युत प्रकल्पांविषयी सहकार्य करण्याचे ठरले. त्याच महिन्यात अफगाणिस्तान आणि पाकिस्तान यांच्यात चकमकी झडल्या आणि कुनार नदीवर लवकरात लवकर धरण बांधण्याचा आदेश तालिबानच्या सर्वोच्च नेत्याने दिला. त्यानंतर आपल्याकडच्या वाहिन्यांवर जी चर्चा सुरू झाली ती मी दोन-तीन संध्याकाळी ऐकली. एप्रिल 2025 मध्ये सिंधू जलकरार भारताने स्थगित ठेवला, आता दुसऱ्या बाजूने काबूल नदी अडवली की शेजाऱ्याची कोंडी पूर्ण होईल, असा त्या चर्चेचा सूर होता. काबूलमधील नळाला पाणी येईल का, हा प्रश्न एकाही वक्त्याने विचारला नाही. संयुक्त निवेदनातील पाण्याविषयीचे वाक्यही ऊर्जा आणि शेती यांच्याकडे झुकलेले आहे.

सिंधू कराराविषयीचा निर्णय हा देशाच्या सुरक्षेचा निर्णय आहे आणि त्याच्या गुणदोषांत मी शिरत नाही. माझी विनंती एवढीच की, काबूलच्या पिण्याच्या पाण्याला त्या वादाची शेपटी जोडली जाऊ नये. याला नैतिक कारण आहे तसेच निव्वळ गणिताचेही आहे. काबूल नदी जलालाबादजवळ कुनारला घेऊन, पेशावरच्या खोऱ्यातून अटकेपाशी सिंधूला मिळते. अटक हे नाव मराठी माणसाला इतिहासातून परिचित आहे. तिथे पोचणारे काबूल नदीचे पाणी ढोबळमानाने वर्षाला 20 अब्ज घनमीटर असते आणि त्यातला मोठा वाटा कुनारचा, जी मुळात पाकिस्तानातल्याच चित्रालमधून येते. शहतूत धरण काठोकाठ भरले तरी त्या पाण्याच्या एक टक्काही अडत नाही. म्हणजे शस्त्र म्हणून त्याची किंमत नगण्य आहे. पण त्याला शस्त्र म्हणण्याची किंमत मोठी आहे, कारण तसे म्हटले की पैसे देणारी प्रत्येक आंतरराष्ट्रीय संस्था हात मागे घेते आणि पाकिस्तानला आक्षेप घेण्यासाठी आयते निमित्त मिळते. काबूल नदीबाबत या दोन देशांत आजवर एकही करार झालेला नाही, त्यामुळे असा आक्षेप सोडवण्याची कुठलीच जागा उपलब्ध नाही.

सलमा धरणाच्या अनुभवातला एक धडा आपण पुरेसा बोलून दाखवला नाही, असे मला वाटते. हरिरूद पुढे इराण आणि तुर्कमेनिस्तानच्या सीमेवरून वाहते. तिथे त्या दोन देशांनी मिळून बांधलेले दोस्ती धरण आहे आणि त्यातून इराणमधल्या मशहद शहराला पिण्याचे पाणी जाते. सलमाला आपण मैत्री धरण म्हटले, तर खालच्या अंगाला दोस्ती. दोन्ही नावांचा अर्थ एकच आणि वरच्या मैत्रीने खालच्या दोस्तीचे पाणी कमी झाल्याची तक्रार इराण सातत्याने करत आला आहे. तरीसुद्धा सलमाची यंत्रे आणि साहित्य आपण बंदर अब्बासला उतरवून इराणच्याच रस्त्यांनी हेरातला नेले होते. तसेच 2022 च्या फेब्रुवारीत भारताच्या 50 हजार टन गव्हाची पहिली खेप पाकिस्तानच्या रस्त्याने अफगाणिस्तानात गेली. दोन्ही वेळा शेजाऱ्यांनी वाट दिली, कारण त्या वेळी प्रश्न अन्नाचा आणि बांधकामाचा आहे हे सर्वांना पटले होते. पाण्याविषयी तसेच पटवून देणे हे परराष्ट्र मंत्रालयाचे काम आहे आणि ते आपल्या अधिकाऱ्यांना उत्तम येते. काबूलच्या पिण्याच्या पाण्यासाठी किती साठा, कोणत्या महिन्यात किती विसर्ग, याचे आकडे खालच्या देशांना उघडपणे द्यावेत, असा आग्रह भारताने धरला तर तो काबूलच्याच हिताचा होईल.

आता जमिनीखालच्या कामाविषयी लिहितो. हे काम धरणापेक्षा स्वस्त आहे आणि पुढच्या हिवाळ्याआधी सुरू होऊ शकते.

पहिली गोष्ट मोजणीची. महाराष्ट्रात 1972 च्या दुष्काळाच्या काळात भूजल सर्वेक्षण यंत्रणा उभी राहिली आणि आज हजारो निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला हे काम कारकुनी वाटे. टेप विहिरीत सोडायचा, ओला झालेला भाग पाहायचा, आकडा लिहायचा. मग एका मे महिन्यात अशाच एका विहिरीवर टेप तळापर्यंत कोरडाच गेला आणि शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारले, "साहेब, हे तुम्हाला गेल्या चार वर्षांपासून दिसत होतं ना?" दिसत होते. आकडे वहीत होते, गावापर्यंत कोणी पोचवले नव्हते. काबूल खोऱ्यातही अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने अफगाण भूगर्भ सर्वेक्षणाच्या अभियंत्यांसह 2004 पासून विहिरी मोजल्या आणि दकार ही मूळची डॅनिश मदतसंस्था देशभर भूजलाची नोंद ठेवत आली आहे. म्हणजे पाया आहे. हे जाळे पुन्हा पुरते उभे करणे, मोजणाऱ्यांचे पगार नियमित देणे आणि आकडे त्या त्या वस्तीच्या मशिदीपाशी, शाळेपाशी फळ्यावर लिहिणे, यासाठी धरणाच्या खर्चाचा अगदी लहान अंशही पुरेल.

दुसरी गोष्ट पाणी मुरवण्याची. वर सांगितले तसे, काबूलमधील नद्यांचे पात्र वसंतातले दोन-तीन महिने वाहते आणि मग कोरडे पडते. त्या पात्रांत छोटे बंधारे, वाळूखालचे भूमिगत बंधारे, डोंगरउतारावर समतल चर आणि पायथ्याशी पाझर तलाव ही कामे आपल्याकडच्या कोणत्याही तालुक्यातला शाखा अभियंता डोळे मिटून आखू शकतो. इथे सावधगिरीचा एक शब्द. आमचा काळा पाषाण पाणी थोडे धरतो आणि लवकर सोडतो, काबूलचा गाळ पुष्कळ धरतो आणि हळू सोडतो. त्यामुळे आमची रेखाटने तशीच्या तशी नेऊन चालणार नाहीत. शिवाय ज्या वस्तीत शौचखड्डे दाटीने आहेत तिथे पाणी मुरवले तर तोच मैला खाली ढकलला जाईल. पुनर्भरण शहराच्या वरच्या अंगाला, मोकळ्या पात्रात व्हायला हवे आणि शहरात त्याच वेळी मैला उपसून बाहेर नेण्याची व्यवस्था व्हायला हवी. या दोन कामांना दोन वेगळे दाते मिळाले आणि त्यांनी एकमेकांशी बोलायचे टाळले, तर दोन्ही वाया जातील.

तिसरी गोष्ट, ज्यावर मी सर्वांत अधिक भर देईन, ती पाणी तपासण्याची. 1971 च्या युद्धातून बाहेर पडलेल्या बांगलादेशात आंतरराष्ट्रीय संस्थांनी अतिशय चांगल्या हेतूने लाखो कूपनलिका खोदायला मदत केली, कारण तळ्यांचे पाणी पिऊन मुले अतिसाराने मरत होती. अतिसार कमी झाला. नव्वदच्या दशकात लक्षात आले की त्यांतल्या असंख्य कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक होते आणि ते वर्षानुवर्षे लोकांच्या शरीरात जात राहिले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकाने त्याला लोकसमूहाच्या विषबाधेची इतिहासातली सर्वांत मोठी घटना म्हटले. युद्धानंतरच्या देशात मदत करणाऱ्याला घाई असते, उद्घाटनाची तारीख गाठायची असते आणि तपासणी मागे पडते. काबूलमध्ये आर्सेनिक आहे हे आधीच ठाऊक आहे. म्हणून भारताच्या पैशाने खोदल्या जाणाऱ्या प्रत्येक विहिरीचे पाणी पहिल्या दिवशी आणि पुढे दर सहा महिन्यांनी तपासले जाईल, अशी अट करारातच घालावी. प्रयोगशाळा उभारून देणे आणि ती चालवायला माणसे तयार करणे हे भारताला सहज शक्य आहे.

पाणी वाटून घेण्याच्या पद्धतीविषयीही दोन शब्द लिहायलाच हवेत. अफगाण खेड्यांत पाटाच्या पाण्याची पाळी ठरवणारा मीराब असतो. त्याला गाव निवडते आणि त्याचा मोबदला बहुधा धान्यात देते. धुळे-नाशिक भागात पांझरा आणि मोसम नद्यांवर शतकानुशतके चाललेल्या फड पद्धतीत पाटकरी नेमके हेच काम करत आला. राजवटी बदलल्या तरी पाळी चुकू द्यायची नाही, हे दोघांचेही व्रत. काबूलमध्ये बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांनी नव्या समित्या नेमण्याआधी मीराबांना विचारावे. डोंगराच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून उताराने आणणारे करेझही तिथे हजारोंनी होते. लढायांत ते लपण्याच्या जागा म्हणून वापरले गेले, बॉम्बने बुजले, आणि सोलर पंपांनी आसपासची पातळी खाली नेल्यावर उरलेले सुकले. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने खडकी गावाला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पाणी आणले ते याच तत्त्वावरच्या नहरीने, आणि तशाच, पण नंतरच्या एका नहरीचे पाणी पाणचक्कीवर आजही पाहायला मिळते. त्या शहराला आज आठवड्या-आठवड्याने नळाचे पाणी मिळते, हे लिहिताना मला दुःख होते. तरीही नहरींचा अभ्यास केलेली, त्यांत उतरून मापे घेतलेली माणसे आपल्याकडे आहेत आणि करेझ साफ करणाऱ्या अफगाण कारागिरांशी त्यांची गाठ घालून देणे ही काही महागडी गोष्ट नाही.

या सर्व कामांत एक अडसर असा आहे की ज्याच्याकडे भारताने काणाडोळा करू नये. 24 डिसेंबर 2022 रोजी तालिबानने अफगाण स्त्रियांना बिगरसरकारी संस्थांत काम करण्यास मनाई केली आणि एप्रिल 2023 मध्ये ही मनाई संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयांपर्यंत वाढवली. घरात पाणी किती लागते, कोणते भांडे कशासाठी वापरतात, कोणत्या पंपावर मुली पाठवायला आया घाबरतात, ही माहिती त्या घरातल्या स्त्रीकडे असते आणि काबूलच्या बहुतेक घरांत परका पुरुष तिला हे विचारू शकत नाही. स्त्रीकर्मचारी नसतील तर पाणीयोजना अर्ध्या माहितीवर आखली जाते. त्यामुळे भारताच्या पैशावर चालणाऱ्या पाण्याच्या कामांत घरोघरची पाहणी आणि पाण्याची तपासणी यांसाठी स्त्रियांना काम करू द्यावे लागेल, ही अट तांत्रिक गरज म्हणून मांडावी आणि तिच्यावर ठाम राहावे. जोडीला, अफगाण विद्यार्थ्यांसाठी भारत ज्या ई-शिष्यवृत्त्या देतो त्यांत भूजलशास्त्र आणि पाण्याची रासायनिक तपासणी यांचे अभ्यासक्रम घालून काही जागा मुलींसाठी राखाव्यात. ज्या मुलीला सहावीनंतर शाळेची पायरी चढता येत नाही तिच्यासाठी हे फार उशिराचे असेल, पण विद्यापीठ अर्ध्यावर सोडावे लागलेल्या कितीतरी जणी आहेत. माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याची बहीण त्यांपैकी एक आहे आणि तिने मला पाण्याच्या कठीणपणाविषयी पाठवलेले प्रश्न कोणत्याही पदव्युत्तर वर्गात शोभले असते.

तालिबानला मान्यता न देता अशी कामे करता येतात का, असे विचारले जाईल. कायद्याने येतात. 22 डिसेंबर 2021 रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक 2615 एकमताने संमत केला आणि अफगाण जनतेच्या मूलभूत गरजांसाठीची मदत निर्बंधांच्या कक्षेबाहेर ठेवली. त्या वेळी भारत परिषदेचा सदस्य होता आणि आपला हात त्या ठरावाच्या बाजूने वर झाला होता. गव्हाच्या बाबतीत वाटप जागतिक अन्न कार्यक्रमाकडे दिले गेले, तसे पाण्याच्या बाबतीत युनिसेफ आणि तिथे टिकून असलेल्या जुन्या संस्था यांच्यामार्फत करता येईल. अडचण पैशाची आहे. 2025 च्या आरंभी पाणी आणि स्वच्छता यांसाठी संयुक्त राष्ट्रांना अफगाणिस्तानात 26 कोटी 40 लाख डॉलर हवे होते आणि हाती आले होते 84 लाख. 2021 नंतर अनेक पाश्चिमात्य देशांनी या क्षेत्रातला निधी गोठवला आणि अमेरिकेच्या मदतकपातीने उरलेसुरलेही आटले. पंजशीर नदीचे पाणी सुमारे 200 किलोमीटर वाहिनीतून काबूलला आणण्याची योजनाही 17 कोटी डॉलरअभावी अडून आहे. भारत हे सारे एकटा भरू शकणार नाही. पण जो देश चौतीसही प्रांतांत चारशेहून अधिक कामे केल्याचे अभिमानाने सांगतो, त्याने जर्मनी, जपान, आशियाई विकास बँक आणि युनिसेफ यांना एका टेबलाभोवती बसवून काबूलच्या पाण्यावर एकच आराखडा करायला लावले, तर त्याला नकार देणे कोणालाही अवघड जाईल.

आपल्याच देशात टँकर फिरत असताना काबूलची चिंता का, असे मला माझ्याच गल्लीत विचारले जाते. हा प्रश्न मी टाळत नाही, कारण मराठवाड्यात हंड्यांच्या रांगा मी सरकारी जीपच्या काचेतून अनेक उन्हाळे पाहिल्या आहेत. माझे उत्तर असे आहे की, हिवरे बाजारने दरवर्षी पावसानंतर पाण्याचा ताळेबंद मांडायला आणि त्याप्रमाणे पिके ठरवायला सुरुवात केली, शेतीसाठी बोअर घेण्यावर स्वतःहून बंदी घातली, तेव्हा तेही एक दुष्काळी गावच होते. त्या गावातून शिकायला आलेल्यांना त्यांनी कधी परत पाठवले नाही. पाण्याचे जे शहाणपण आपण फार किंमत मोजून मिळवले ते दुसऱ्याला दिल्याने इथला एकही हंडा रिकामा राहत नाही. आणि दिलेला शब्द हा शब्द असतो. 2021 मध्ये तो भारताने कोणा सरकारापुरता दिला नव्हता, काबूलच्या 20 लाख रहिवाशांसाठी म्हणून दिला होता. सरकार गेले आहे, रहिवासी तिथेच आहेत.

तेव्हा माझी विचारणा आणि विनंती अशी. शहतूत धरणाचा 2021 चा करार भारत आजही जिवंत मानतो का, हे मंत्रालयाने स्पष्टपणे सांगावे. मानत असेल तर त्याचा हेतू पिण्याचे पाणी हाच आहे, असे काबूललाच नव्हे तर इस्लामाबादलाही ऐकू जाईल अशा शब्दांत पुन्हा जाहीर करावे आणि लालंदर खोऱ्यातल्या ज्या कुटुंबांची घरे व तुतीच्या बागा पाण्याखाली जातील त्यांच्या पुनर्वसनाचा आराखडा बांधकामाच्या आराखड्याआधी प्रसिद्ध व्हावा. कोयनेचे विस्थापित साठ वर्षांनंतरही अर्ज घेऊन फिरताना मी पाहिले आहेत. धरणाचे काहीही ठरो, मोजणी, तपासणी आणि पुनर्भरण यांचे काम त्याच्यासाठी थांबवू नये. काबूलमधील आपल्या दूतावासात भूजल जाणणारा एक अधिकारी नेमावा आणि महाराष्ट्रासह ज्या राज्यांच्या भूजल यंत्रणांत निवृत्त पण काम करू शकणारी माणसे आहेत त्यांची यादी मागवावी. माझे नाव त्यात घालण्यास माझी संमती आहे. वय आड आले तर पुण्यात बसून शिकवण्याचे काम मी विनामोबदला करीन.

एक तांत्रिक गोष्ट शेवटी नोंदवतो. काबूल खोऱ्यात पाणीपातळी सर्वांत खाली असते ती हिवाळ्याच्या अखेरीस, वितळण सुरू होण्याआधी. त्या वेळची एक मोजणी आणि मे महिन्याच्या अखेरची दुसरी, या दोन्ही हाती असल्याशिवाय बर्फाने त्या वर्षी किती दिले हे कळत नाही. फेब्रुवारी संपण्याआधी टेप विहिरीत गेला नाही, तर ते वर्ष हातचे जाते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूजलशास्त्रज्ञ,
पुणे